नावामागचा आकडा : संगणकातील होस्ट्स फाईल

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातील टेंभली या लहानशा गावी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग त्या कार्यक्रमास उपस्थित होते. माणसाला नाव असतेच. पण यंत्राला ओळख पटवायची तर आकडा लागतो, ही गोष्ट त्या दिवसापासून या जिल्ह्याच्या अंगवळणी पडू लागली. आज त्याच जिल्ह्यातील कळसाडीसारख्या गावात खताची गोणी घ्यायची तरी शेतकऱ्याला बहुधा आधार क्रमांक सांगून यंत्रावर बोट टेकवावे लागते. अनुदानित खताची विक्री २०१८ पासून देशभर अशा यंत्रांवरूनच होते.

अशा गावातील एखाद्या खत-बियाण्याच्या दुकानाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. गल्ल्याशेजारी एक संगणक आहे. दिवसा त्यावर बिले निघतात, महिन्याअखेरीस जीएसटीचे विवरणपत्र भरले जाते, घाऊक व्यापाऱ्याला बँकेच्या संकेतस्थळावरून रक्कम पाठवली जाते. सायंकाळी त्याच संगणकावर घरातील मुलगी बारावीचा अभ्यास करते. आणि रात्री दुकान बंद झाल्यावर घरातलाच कोणी तरुण त्यावर क्रिकेटच्या सट्ट्याचे पान उघडून बसतो, हे एक दिवस अकस्मात उघडकीस येते. घरातल्या वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो : हे पान या संगणकावर उघडूच नये, अशी काही सोय आहे का?

सोय आहे, आणि तिच्यासाठी एक रुपयाही खर्च करावा लागत नाही. विंडोज असलेल्या प्रत्येक संगणकात ‘होस्ट्स’ नावाची एक लहानशी फाईल मुळातच असते. तिच्यात एक ओळ लिहिली की नको असलेले संकेतस्थळ त्या संगणकापुरते बंद होते. मात्र ज्या फाईलने सट्ट्याचे दार बंद करता येते, त्याच फाईलने बँकेचे दार भलत्याच घरात उघडून देता येते. म्हणून व्यापारी कुटुंबाने तिची ओळख दोन्ही अंगांनी करून घेतलेली बरी.

भ्रमणध्वनी येण्यापूर्वी प्रत्येक पेढीवर दूरध्वनीशेजारी एक वही असे. कोपरे दुमडलेली, बहुतेक वेळा दोऱ्याने टेबलाला बांधलेली. इंदूरच्या अडत्याला किंवा सुरतेच्या कापडवाल्याला फोन करायचा, तर मुनीम आधी त्या वहीत पाही. नाव सापडले की शेजारचा क्रमांक फिरवी. नाव नसेल तरच १९७ या क्रमांकावर टेलिफोन खात्याकडे चौकशी होई. वहीत क्रमांक सापडला तर तो बरोबर आहे की चूक, हे कोणी १९७ ला विचारीत नसे. वहीवर विश्वास असे.

संगणकाचा क्रम नेमका हाच आहे. इंटरनेटवर जोडलेल्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो. संकेतस्थळांची नावे आपल्या स्मरणासाठी आहेत. यंत्र आकड्यावरच जाते. ब्राउझरमध्ये नाव टंकले की संगणक आधी घरची वही पाहतो, म्हणजे होस्ट्स फाईल. तिथे नाव सापडले, तर समोरचा आकडा घेऊन निघतो आणि पुढे कोणालाही विचारीत नाही. सापडले नाही, तरच इंटरनेटवरील चौकशी खात्याकडे जातो. त्या खात्याला डीएनएस म्हणतात.

आता या वहीत कोणी खोडसाळपणे सुरतेच्या व्यापाऱ्याच्या नावापुढे पेढीचाच स्वतःचा क्रमांक लिहून ठेवला तर? मुनीम क्रमांक फिरवील, आणि त्याला लाइन व्यग्र असल्याचा आवाज ऐकू येईल. स्वतःच्याच फोनवरून स्वतःचाच क्रमांक लावल्यावर दुसरे काय होणार! होस्ट्स फाईलने संकेतस्थळ बंद करण्याची सारी युक्ती एवढीच आहे. संगणकांच्या जगात १२७.०.०.१ हा आकडा म्हणजे ‘मी स्वतः’. सट्ट्याच्या संकेतस्थळाच्या नावापुढे हा आकडा लिहिला की संगणक ते पान स्वतःकडेच शोधू लागतो, आणि तिथे ते नसल्यामुळे पान उघडत नाही. हल्ली १२७.०.०.१ ऐवजी ०.०.०.० लिहिण्याची पद्धत अधिक आहे. त्याचा अर्थ ‘पत्ताच नाही’ असा. संगणक शोधाशोधही करीत नाही आणि वेळ वाचतो.

ही फाईल कोणी कुलूप म्हणून तयार केलेली नव्हती. १९६९ मध्ये अमेरिकेत ‘आर्पानेट’ नावाचे जाळे चार संगणकांवर सुरू झाले. त्यातून पुढे इंटरनेट उभे राहिले. संगणक थोडे होते तोवर सर्वांची नावे व आकडे एकाच यादीत मावत. कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या कार्यालयाने ही यादी सांभाळली. नवा संगणक जोडायचा तर त्या कार्यालयाला कळवायचे, तिथे नाव आधीच कोणी घेतलेले नाही याची खात्री करून नोंद व्हायची, आणि मग जाळ्यातील इतर संगणक अद्ययावत यादीची नक्कल उतरवून घ्यायचे. मुख्य कचेरीने परिपत्रक काढावे आणि शाखांनी ते नोंदवहीत चिकटवावे, तसाच हा प्रकार. संगणकांची संख्या वाढली तशी ही पद्धत कोलमडू लागली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली आणि एका मोठ्या यादीऐवजी वाटून दिलेली, परस्परांना विचारणारी कार्यालये आली. घरच्या वहीला मात्र कोणी निवृत्त केले नाही. विंडोजमध्ये ही फाईल ज्या ‘ईटीसी’ नावाच्या कप्प्यात असते, ते नावही जुन्या युनिक्स प्रणालीकडून वारशाने आले आहे.

प्रत्यक्ष नोंद करणे अवघड नाही, पण तीन ठिकाणी हमखास ठेच लागते. फाईलचा ठावठिकाणा असा : सी ड्राइव्ह, त्यात विंडोज, त्यात सिस्टम३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी, आणि त्यात होस्ट्स. पहिली ठेच परवानगीची. नोटपॅड नेहमीसारखे उघडून फाईल बदलली, तर विंडोज ती साठवू देत नाही. नोटपॅडच्या नावावर उजवी कळ दाबून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडावे लागते. दुसरी ठेच, फाईल उघडताना कप्पा रिकामा दिसतो. कारण नोटपॅड फक्त ‘टीएक्सटी’ शेपटी असलेल्या फायली दाखवते आणि या फाईलला शेपटीच नाही. खालच्या बाजूस ‘ऑल फाइल्स’ निवडले की ती दिसते. तिसरी ठेच साठवताना : नोटपॅडने नकळत ‘होस्ट्स डॉट टीएक्सटी’ अशी दुसरीच फाईल केली, तर संगणक तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. नोंद करणाऱ्याला वाटते कुलूप लावले; दार उघडेच असते.

नोंदीची ओळ अगदी साधी. आधी ०.०.०.०, मग एक मोकळी जागा, मग संकेतस्थळाचे नाव. टंकताना अर्थात इंग्रजी अंक व अक्षरेच वापरायची. नावाआधी ‘एचटीटीपीएस’ आणि तिरक्या रेघा लिहायच्या नाहीत. ‘अमुक डॉट कॉम’ आणि ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू डॉट अमुक डॉट कॉम’ ही संगणकाच्या दृष्टीने दोन वेगळी नावे आहेत, तेव्हा दोन ओळी कराव्या लागतात. ओळीच्या आरंभी # हे चिन्ह असेल तर ती ओळ केवळ टिपण ठरते, संगणक ती वाचत नाही. याचा उपयोग नोंदीची तारीख व कारण लिहून ठेवण्यास उत्तम होतो, आणि हिशेबाची सवय असलेल्या माणसाने ते लिहावेच. दोन वर्षांनी एखादे पान का उघडत नाही, हे शोधताना ती एक ओळ तासभर वाचवते. फाईल साठवल्यावर ब्राउझर बंद करून पुन्हा उघडावा. तरीही जुने पान दिसत राहिले, तर कमांड प्रॉम्प्टवर ‘आयपीकॉन्फिग’ आणि त्यापुढे तिरकी रेघ देऊन ‘फ्लशडीएनएस’ ही आज्ञा द्यावी. संगणकाने लक्षात ठेवलेले जुने पत्ते त्याने पुसले जातात.

एकेक नाव लिहिण्याचा कंटाळा करणाऱ्यांसाठी जाहिराती, जुगार व अश्लील संकेतस्थळे यांच्या हजारो नावांच्या तयार याद्या इंटरनेटवर मोफत मिळतात. स्टीव्हन ब्लॅक यांनी अनेक याद्या एकत्र करून सांभाळलेली यादी त्यांत सर्वश्रुत आहे. पण परक्याने लिहिलेली लाखभर ओळींची वही न तपासता आपल्या पेढीवर आणून ठेवणे, हे कोणत्याही जाणत्या व्यापाऱ्याला रुचणार नाही. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, त्यावर घरच्या हाताने लिहिलेल्या वीस-पंचवीस ओळीच बऱ्या.

या कुलपाची ताकद किती, हेही स्पष्ट असावे. ते संकेतस्थळाच्या पूर्ण नावावर बसते. त्या स्थळातील एखाद्या पानावर किंवा एका चित्रफितीवर नाही. यूट्यूब संपूर्ण बंद करता येईल, त्यावरील एकच वाहिनी बंद करता येणार नाही. ते त्या एका संगणकापुरतेच असते. ज्याच्याकडे ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड आहे तो अर्ध्या मिनिटात ओळ पुसू शकतो. म्हणून घरातील मुलांसाठी साधे, अधिकार नसलेले वेगळे खाते करून दिल्याशिवाय ही सारी खटपट व्यर्थ होय. सट्ट्याच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा केला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ खाली केंद्र सरकार संकेतस्थळे बंदही करते. पण ही मंडळी नावात एखादा आकडा बदलून दुसऱ्या दिवशी नवे दुकान मांडतात. होस्ट्स फाईल नावाने ओळखते, आणि नाव बदलले की तिची ओळख संपते.

आणि मोबाईल? तो तर या वहीच्या पूर्ण बाहेर आहे. ॲन्ड्रॉइड फोनमध्ये अशी फाईल असते खरी, परंतु फोनची मूळ घडण मोडल्याशिवाय ती बदलता येत नाही. फोनसाठी वेगळा मार्ग आहे : घरची वही सोडून चौकशी खातेच बदलावे. क्लाउडफ्लेअर या कंपनीने एप्रिल २०२० पासून कुटुंबांसाठी मोफत डीएनएस सेवा सुरू केली असून तिचा पत्ता १.१.१.३ आहे. हानिकारक आणि प्रौढांसाठीच्या संकेतस्थळांचे पत्ते ती देतच नाही. घरातील वायफायच्या राउटरमध्ये हा आकडा घातला की त्या वायफायवरील सर्व यंत्रांना तो लागू होतो. ॲन्ड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ हा पर्याय आहे. तिथे ‘फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम’ हे नाव लिहिता येते, मग मोबाईल डेटावरही गाळणी चालते. अर्थात, घरातून कोणकोणती नावे विचारली जातात हे त्या कंपनीला दिसते. चौकशी खाते कोणतेही निवडले तरी ही किंमत चुकत नाही.

येथवर फाईलची भली बाजू झाली. व्यापाऱ्याच्या खऱ्या चिंतेचा विषय दुसरी बाजू आहे.

सुरतेच्या व्यापाऱ्याच्या नावापुढे पेढीचा क्रमांक लिहिला, तर फोन लागत नाही आणि गोष्ट तिथेच कळते. पण त्या नावापुढे एखाद्या ठगाचा क्रमांक लिहिला तर? फोन लागतो, पलीकडून गोड आवाजात ‘बोला शेठ’ असे उत्तर येते आणि मुनीम निःशंकपणे मालाची ऑर्डर व पैशाचा तपशील सांगून मोकळा होतो. होस्ट्स फाईलमध्ये बँकेच्या नावापुढे चोराच्या यंत्राचा आकडा लिहिला गेला, तर हेच घडते. ग्राहक बँकेचे नाव अचूक टंकतो. पत्त्याच्या पट्टीत नावही अचूक दिसते. पान मात्र चोराचे असते.

बँका गेली कित्येक वर्षे ग्राहकांना एकच गोष्ट शिकवीत आल्या आहेत : संकेतस्थळाचे नाव नीट पाहा. त्याच विचाराने रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव नावावर जाण्याचा आदेश दिला आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत घातली. ही नावे केवळ बँकांनाच मिळतात, त्यामुळे मिळतेजुळते नाव घेऊन फसवणाऱ्यांना मोठा पायबंद बसतो. निर्णय अतिशय योग्य आहे. पण होस्ट्स फाईलमधील फसवणूक नावात नसतेच. ती नावामागच्या आकड्यात असते. नाव कितीही निरखून पाहिले तरी ती डोळ्यांना दिसत नाही.

हे केवळ तर्काने रचलेले संकट नव्हे. जानेवारी २००४ मध्ये ‘मायडूम’ नावाचा ई-मेलमधून पसरणारा विषाणू जगभर धुमाकूळ घालीत होता. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीने संगणकांच्या होस्ट्स फाईलमध्ये विषाणूरोधक कंपन्यांची आणि मायक्रोसॉफ्टची संकेतस्थळे लिहून ती बंद करून टाकली. औषधाच्या दुकानाचाच पत्ता वहीतून पुसला गेला. ब्राझीलमधील चोरांनी तर या फाईलद्वारे बँकांच्या ग्राहकांना खोट्या पानांवर नेण्याचा धंदाच मांडला होता. विंडोजचे ‘डिफेंडर’ आता या फाईलमधील संशयास्पद बदलांवर नजर ठेवते. मात्र ते चालू आणि अद्ययावत असले तरच.

आपल्याकडे ही फाईल बिघडण्याचे एक कारण घरगुती आहे, आणि ते उघडपणे बोलले जात नाही. हिशेबाच्या किंवा छायाचित्रांच्या महागड्या सॉफ्टवेअरची चोरटी प्रत संगणकावर चढवताना, ती प्रत कंपनीच्या यंत्राकडे परवान्याची खातरजमा करायला जाऊ नये म्हणून होस्ट्स फाईलमध्ये त्या कंपनीची नावे बंद करतात. हे काम कधी दुरुस्तीला आलेला करतो, कधी त्याने आणलेली छोटी आज्ञावली आपोआप करते. त्या आज्ञावलीला संगणकाचे पूर्ण अधिकार दिलेले असतात, विषाणूरोधक काही काळ बंद ठेवायला सांगितलेले असते, आणि त्या अवधीत तिने फाईलमध्ये आणखी कोणत्या ओळी लिहिल्या हे कोणीही पाहिलेले नसते. परवान्याचे काही हजार वाचवताना ज्या संगणकावरून लाखांचे व्यवहार होतात त्याची पत्त्यांची वही अनोळखी हातात देणे, हा हिशेब कोणत्याच बाजूने जुळत नाही.

तपासणी मात्र सोपी आहे, आणि जमाखर्च तपासणाऱ्याला ती लगेच कळेल. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांतील मूळ फाईलमध्ये प्रत्येक ओळीच्या आरंभी # असते. म्हणजे संगणकाने वाचावी अशी एकही ओळ तिच्यात नसते. त्या टिपणांत ‘ऱ्हायनो डॉट ॲक्मे डॉट कॉम’ असे एक विचित्र नाव दिसते. ते मायक्रोसॉफ्टने नमुन्यादाखल दिलेले आहे, त्याने दचकू नये. # नसलेली ओळ दिसली की तिचा आकडा पाहावा. १२७.०.०.१ किंवा ०.०.०.० असेल तर ती बंदी आहे; ती बंदी घरच्या कोणी घातली का, एवढे विचारावे. बंद केलेले नाव विषाणूरोधकाचे किंवा विंडोजच्या अद्ययावतीकरणाचे असेल, तर ती घरच्याने घातलेली नव्हे. १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा असेल, तर तो बहुधा दुकानातल्याच दुसऱ्या संगणकाचा असतो. बिलिंगच्या सॉफ्टवेअरला कधी तशी ओळ लागते. याखेरीज दुसरा कोणताही आकडा, आणि त्यापुढे बँकेचे, देयकाच्या कंपनीचे किंवा सरकारी करविभागाचे नाव असेल, तर तिथे थांबावे. कोणतीही बँक ग्राहकाच्या होस्ट्स फाईलमध्ये स्वतःचे नाव लिहीत नाही. फाईलच्या तळापर्यंत जाण्यासही विसरू नये. मधे शे-दोनशे रिकाम्या ओळी सोडून खाली नोंद लपवण्याची खोड जुनी आहे.

फाईल न पाहताही एक खूण मिळू शकते. बँकेचे खरे पान आपल्या नावाचे प्रमाणपत्र ब्राउझरला दाखवते. चोराला नावामागचा आकडा बदलता येतो, पण बँकेच्या नावाचे प्रमाणपत्र त्याच्याकडे नसते. त्यामुळे ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा ब्राउझर पडदाभर दाखवतो. सर्व्हर बिघडला असेल असे समजून ‘तरीही पुढे जा’ ही कळ दाबणारे अनेक असतात. बँकेच्या पानावर हा इशारा आला तर ती कळ कधीही दाबू नये. मात्र ज्या विषाणूला संगणकाचे पूर्ण अधिकार मिळाले, तो खोटी प्रमाणपत्रेही खरी मानायला संगणकाला शिकवू शकतो. तेव्हा इशारा आला नाही म्हणून सर्व कुशल आहे, असे मात्र नव्हे.

संशयाची ओळ सापडलीच, तर ती आधी पुसण्याची घाई करू नये. पडद्याचे छायाचित्र फोनने काढून ठेवावे. तक्रारीत तोच पुरावा. संगणकाचे इंटरनेट तोडावे. बँकेचा पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदलावा, त्याच संगणकावरून नव्हे. खात्यातील नोंदी पाहाव्यात आणि एखादी रक्कम गेली असेल तर त्याच क्षणी बँकेला कळवून १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तक्रार नोंदवावी. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात, बँक व ग्राहक दोघांचाही दोष नसताना तिसऱ्यामुळे झालेल्या फसवणुकीची खबर बँकेकडून सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत दिल्यास ग्राहकावर भार येत नाही, अशी तरतूद आहे; उशीर झाला की तो वाढत जातो. ओळ पुसून संगणक पुन्हा वापरात घेण्याचे काम त्यानंतरचे, आणि तेही संपूर्ण तपासणी होऊन ज्या आज्ञावलीने ती ओळ लिहिली ती निघून गेल्यावरच. नाहीतर सकाळी पुसलेली ओळ सायंकाळी पुन्हा तिथेच दिसते.